रतनगडाची वाट

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त समाजबांधवांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एखाद्या डोंगराविषयी बोलावे, हे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु संस्थेच्या पन्नास वर्षांचा लेखाजोखा इतर मान्यवरांनी मांडलेलाच आहे. व्यापारी समाजाला आणखी एका हिशेबाची आठवण करून देणे उचित ठरेल. तो हिशेब एका डोंगराशी आहे, आणि तो डोंगर याच जिल्ह्यातला आहे.

नगरचा माणूस सुटीत माथेरानला जातो, महाबळेश्वरला जातो, अबूला जातो. अलीकडे सिमला-मनालीही नवलाईची राहिलेली नाही. पण २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्या आपल्या जिल्ह्याचा वायव्य कोपरा पाहिलेली कुटुंबे समाजात किती निघतील? नगर म्हटले की डोळ्यांसमोर येतात उघडीबोडकी माळराने, चारा छावण्या आणि पाण्याचे टँकर. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे, हे शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते आणि शाळा सुटल्यावर विसरलेलेही असते. कळसूबाईच्या दक्षिणेस भंडारदऱ्याचा जलाशय पसरला आहे आणि त्या जलाशयाच्या टोकाला १२९७ मीटर उंचीचा रतनगड उभा आहे. आजच्या विवेचनाचा विषय हा रतनगड आणि त्याच्यावर जाणारी वाट.

ही वाट लांब नाही. पायथ्याच्या रतनवाडीपासून माथ्यापर्यंतची चढण साधारण पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीची. सवयीच्या पावलांना अडीच-तीन तास पुरतात, बिनसवयीच्यांना चार. अंतराच्या मानाने मात्र ती खडी आहे, आणि शेवटचा टप्पा तर शिडीवाचून चढताच येत नाही. त्याहून मोठी परीक्षा रतनवाडीला पोहोचेपर्यंतच्या रस्त्याची.

नगरहून निघालेली गाडी राहुरी, लोणी, संगमनेर असा उसाचा मुलूख ओलांडते. अकोले मागे पडले की शेतांचा आकार लहान होऊ लागतो. राजूर आले की बाजारपेठ संपते. पुढे शेंडी. धरणाच्या भिंतीशी वसलेले हे गाव पर्यटकांच्या तोंडी भंडारदरा या नावानेच आहे. इथवर रस्ता बरा. शेंडीहून जलाशयाला वळसा घालणारे दोन मार्ग निघतात. उत्तरेकडचा घाटघर आणि साम्रदमार्गे जातो. दक्षिणेकडचा मुतखेल, कोलटेंभेमार्गे थेट रतनवाडीला. दक्षिणेकडचा जवळचा, म्हणून बहुतेक गाड्या त्याच मार्गाने जातात. या रस्त्याची डागडुजी होते आणि पुढच्या पावसाळ्यात ती वाहून जाते. जिथे चार महिने पाणी थांबतच नाही, तिथे डांबराने तरी किती तग धरावा? खड्डा चुकवावा तर बाजूला चर, चर चुकवावा तर समोरून दुधाची गाडी. वीस-बावीस किलोमीटरला तास-दीड तास लागतो. शहरातून आलेली तरुण मंडळी या खडखडाटात हसत असतात, कारण त्यांच्या दृष्टीने तोही सहलीचाच भाग असतो. रतनवाडीच्या माणसाला हाच रस्ता दवाखान्यासाठी, दाखल्यासाठी, रेशनसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी तुडवावा लागतो. बाळंतपणासाठी निघालेल्या स्त्रीला तो कसा वाटत असेल, याचा विचार उपस्थित भगिनींनी करावा. पूर्वी भंडारदऱ्याहून होडीने रतनवाडी गाठण्याची पद्धत होती. अजूनही हौसेने काहीजण होडीने जातात.

रतनवाडीत शिरताच अमृतेश्वराचे मंदिर दिसते. काळ्या पाषाणातील, भूमिज शैलीच्या शिखराचे हे देऊळ शिलाहार राजा झंझ याने बांधले अशी परंपरा आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित केले आहे. मंदिराच्या भिंतींवरचे कोरीवकाम घाईने पाहण्याजोगे नाही. जवळच पायऱ्यांची पुष्करणी आहे, तिच्या भिंतींतील कोनाड्यांत मूर्ती आहेत. ज्यांना गड चढणे शक्य नाही अशा वडीलधाऱ्यांनी इथवर जरूर यावे आणि दिवसभर या आवारात बसावे. तेवढ्यानेही प्रवासाचे सार्थक होते.

मंदिरापासून निघालेली वाट ओढ्याच्या कडेकडेने जाते. हा ओढा म्हणजेच प्रवरा. संगमनेरला पूल भरून वाहणारी, नेवाशाला ज्ञानोबारायांच्या वास्तव्याने पावन झालेली, आणि प्रवरासंगमला गोदावरीत मिसळणारी प्रवरा येथे एवढी लहान आहे की दगडावरून दगडावर पाय टाकत तिला दोन-तीनदा ओलांडता येते. हिवाळ्याअखेर तर नुसते गोटेच उरतात. तिचे दुसरे नाव अमृतवाहिनी. समुद्रमंथनातील अमृताची कथा या नदीला जोडली गेली आहे, आणि राहुरी हे नाव लोक राहूवरूनच आले असे सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी नाव खोटे म्हणता येणार नाही. त्याचा खुलासा गडाच्या माथ्यावर होतो.

ओढा सोडला की दाट रान लागते. हिरडा, जांभूळ, करवंद आणि उतारावर सर्वत्र कारवी. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिकपणे फुलते, तेव्हा सारा डोंगर जांभळा होतो. एरवी तिच्या सरळ काठ्यांचा उपयोग आदिवासींच्या घराच्या कुडाला होतो. वर शेणामातीचा लेप दिला की भिंत तयार. झाडांच्या शेंड्यांवरून शेकरू उड्या मारते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून त्याचे चित्र सर्वांनी पाहिलेले असते, पण त्या तांबूस शेपटीची लांबी प्रत्यक्ष पाहिल्यावरच कळते. १९८६ साली हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात समाविष्ट झाला. रानात एके ठिकाणी फाटा फुटतो. एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे आणि पुढे हरिश्चंद्रगडाकडे जाते, दुसरी रतनगडाच्या शिड्यांकडे. धुक्यात हाच फाटा चुकतो. सोबत रतनवाडीचा वाटाड्या असला म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाही.

आता शिड्या. कातळाचा उभा टप्पा आला की लोखंडी शिडी लागते. ती संपली की कोरलेल्या पायऱ्या, आणि पुन्हा शिडी. खाली पाहिले की झाडांचे शेंडे दिसतात, बुंधे दिसत नाहीत. मनुष्य स्वभावतः येथे थोडा गप्प होतो. अनुभवी लोक सांगतात ते नियम साधे आहेत आणि ते मोडणाऱ्यांमुळेच बहुतेक अपघात होतात. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस. दोन्ही हात मोकळे. मोबाईल खिशात, आणि खिसा बंद. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. कित्येकजण पाठ शिडीला टेकवून, जिना उतरल्यासारखे उतरू पाहतात आणि पिशवी अडकून लटकतात. रविवारी या शिड्यांखाली पन्नास-पन्नास माणसांची रांग लागते. वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर आले की कोणी मागे हटायचे यावर वाद होतो. देवळाच्या दारातली गर्दी आणि कड्यावरची गर्दी यांत फरक आहे, एवढे भान प्रत्येक गटप्रमुखाने ठेवणे अगत्याचे आहे. शक्य असल्यास रविवार टाळावा. दुकानदाराला आठवड्याची सुटी असतेच. ती मधल्या वारी येत असेल तर गड त्या दिवशी जवळजवळ मोकळा मिळतो.

या संदर्भात कापडाविषयीही दोन शब्द सांगणे गैर होणार नाही, कारण समाजातील निम्मी घरे त्याच व्यवसायात आहेत. तरुण मुले जीनची पँट घालून डोंगरात जातात. जीनचे जाड सुती कापड पाणी धरून ठेवते. भिजले की जड होते, गुडघ्याशी आवळते आणि दिवसभर वाळत नाही. त्यापेक्षा हलके, लवकर सुकणारे मिश्र धाग्याचे कापड बरे. सदरा मात्र पूर्ण बाह्यांचा असावा, कारण करवंदीचे काटे कोणाची भीड ठेवत नाहीत. पायांत नक्षीदार तळव्याचे बूट हवेत. गुळगुळीत तळव्याचा बूट ओल्या कातळावर टिकत नाही, मग त्याची किंमत काही का असेना.

शिड्या संपल्या की गणेश दरवाजा येतो. ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे आणि गुडघे कुरकुरतात, त्यांनी येथवर येऊन समाधान मानले तरी कमीपणा नाही. परतीच्या उतारासाठी बळ राखून ठेवणे शहाणपणाचे. जवळच रत्नादेवीची गुहा आहे. गडाचे नाव याच देवीवरून पडले असे गावकरी मानतात. पुढे हनुमान दरवाजा, राणीचा हुडा म्हणून ओळखला जाणारा गोल बुरूज, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, कोकण दरवाजा, पलीकडच्या अंगाला साम्रदकडून येणाऱ्या वाटेवरचा त्र्यंबक दरवाजा. गडावर बांधकाम फारसे उरलेले नाही. जे आहे ते टाक्यांत आणि दरवाजांत.

आणि सर्वांत वर नेढे. हा शब्द कापडाच्या धंद्यातील माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सुईला जसे नेढे, तसे डोंगराला. दख्खनच्या पठाराचा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याच्या एका अरुंद धारेला वारा आणि पाणी झिजवत राहिले आणि अखेर आरपार भोक पडले. त्यात आठ-दहा माणसे सहज बसू शकतात. पश्चिमेचा वारा त्यातून इतक्या जोराने वाहतो की शेजारच्याशी बोलण्यासाठी ओरडावे लागते. उत्तरेला अलंग, मदन, कुलंग हे दुर्गत्रिकूट आणि कळसूबाई. दक्षिणेला कात्राबाई, नैर्ऋत्येला आजोबाचा डोंगर. पूर्वेला भंडारदऱ्याचा जलाशय.

येथे बसून पाणी पाहावे. गडाच्या पश्चिम कड्यावर पडलेला थेंब कोकणात उतरतो आणि दोन-तीन दिवसांत अरबी समुद्राला मिळतो. चार पावले पूर्वेला पडलेला थेंब प्रवरेत जातो, प्रवरेतून गोदावरीत आणि सारे दख्खन ओलांडून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात. या कड्याने अडवलेले ढग घाटघर आणि रतनवाडीवर चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस ओततात. त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात वर्षाची सरासरी सहाशे मिलिमीटरच्याही आत राहते. पश्चिमेचे हे टोक वगळले तर नगर जिल्ह्याच्या वाट्याला अवर्षणप्रवण हा शब्दच तेवढा उरतो.

इंग्रज सरकारने हे ओळखले. १९१० साली भंडारदऱ्याच्या धरणाचे काम सुरू झाले, १९२६ साली ते पूर्ण झाले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन होऊन विल्सन यांचेच नाव त्याला देण्यात आले. दगडी बांधणीचे हे धरण ८२ मीटरहून अधिक उंच आहे. १९६९ साली भिंतीला तडे जाऊन गळती सुरू झाली, तेव्हा मागून आधार-भिंती बांधून ते वाचवण्यात आले. क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. पावसाळ्यात नगरची वर्तमानपत्रे हा आकडा रोज छापतात. १५ ऑगस्टच्या सुमारास धरण भरले की बाजारपेठेत निःश्वास सुटतो, कारण व्यापाऱ्याला ठाऊक असते की भंडारदऱ्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत शिरणार, कालव्यातून उसाला जाणार, उसाचे पेमेंट शेतकऱ्याच्या हाती पडणार आणि त्यातूनच लग्नसराईचा बस्ता बांधला जाणार. १९५० साली पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला, तो याच पाण्याच्या जोरावर. श्रीरामपूर, राहाता, संगमनेर, राहुरी, नेवासा या पेठांतील गाद्या-गिरद्या, पेढ्या, सराफकट्टे आणि कापड दुकाने यांचा मूळ पुरवठादार कोण, असे कोणी विचारले तर त्याचे प्रामाणिक उत्तर हा गड असेच द्यावे लागेल. अमृतवाहिनी या नावाचा अर्थ नेढ्यात बसून असा उलगडतो. गेल्या पन्नास वर्षांत समाजाच्या संस्था उभ्या राहिल्या, धर्मशाळा झाल्या, शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. त्या देणग्यांच्या पावत्यांवर रतनगडाचे नाव कोठेही नाही, एवढाच काय तो फरक.

पुरवठादाराची बाजू काय आहे? धरण झाले तेव्हा दरीतील सपाट भातखाचरे पाण्याखाली गेली आणि वस्ती उतारावर सरकली. उतारावरची माती पातळ, खाली काळा कातळ. पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि काही तासांत वाहून जातो. विहिरीला तो सापडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याच्या डोंगराळ वाड्या-वस्त्यांवर बायका हंडे घेऊन झऱ्याच्या कडेला वाटीने पाणी भरताना दिसतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण अशाच मुलखात जन्मलेली असावी. खाली निळवंडे येथे दुसरे धरण बांधण्याची कल्पना १९७० साली पुढे आली. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण होण्यास २६ ऑक्टोबर २०२३ हा दिवस उजाडावा लागला, आणि तोवर खर्च पाच हजार कोटी रुपयांच्या वर गेला. त्या कालव्याचा लाभही मुख्यतः खालच्या, अवर्षणग्रस्त गावांना. त्यांचीही तहान खरीच आहे, त्यात वाद नाही. परंतु पाणी जिथे पडते तिथल्या माणसाच्या दारी नळ सर्वांत शेवटी पोहोचावा, हा क्रम कोणत्याही जमाखर्चात बसणारा नाही.

या भागात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. या डोंगरांचे नाव निघाले की राघोजी भांगरे यांचे नाव येतेच. देवगाव हे त्यांचे गाव, याच अकोले तालुक्यातले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, गडांवरची शिबंदी बरखास्त झाली, नाईक मंडळींचे परंपरागत हक्क कमी झाले आणि शेतसारा रोखीने मागितला जाऊ लागला. डोंगरातल्या माणसाजवळ भात आणि नागली होती, रोकड नव्हती. रोकड सावकाराजवळ होती. सारा भरण्यासाठी कर्ज, कर्जासाठी खत, खतापायी जमीन, असे हे चक्र फिरले. राघोजी भांगरे आणि त्यांच्या साथीदारांनी १८४० च्या दशकात बंड पुकारले तेव्हा त्यांचा रोष सरकारइतकाच सावकारांवर होता. घरांवर धाडी पडल्या, खते-वह्या जाळल्या गेल्या, काही सावकारांची नाके कापली गेली. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात राघोजींना फाशी देण्यात आले. पुढे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि तो नगर जिल्ह्याच्या पारनेर, श्रीगोंदे भागात पसरला, तेव्हाही प्रथम जळाले ते कर्जरोखेच. त्यानंतर १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला.

या भागातील सावकारीत मारवाडी आणि गुजर व्यापारी मोठ्या संख्येने होते, ही गोष्ट या सभागृहात उच्चारताना संकोच वाटणे साहजिक आहे. सर्वच सावकार निर्दय होते असे म्हणणे अन्यायाचे होईल; दुष्काळात धान्याची कोठारे उघडणारेही त्यांत होते, आणि साऱ्याची मुदत ठरवणारा सावकार नव्हे, सरकार होते. परंतु ज्या वह्या जळाल्या त्यांतील प्रत्येक आकडा न्यायाचा होता, असे छातीठोकपणे सांगता येईल काय? शाळेतील पुस्तकांत राघोजी आद्यक्रांतिकारक म्हणून शिकवले जातात आणि समाजाची मुले त्यावर उत्तमपैकी निबंधही लिहितात. बंड नेमके कोणत्या पेढीविरुद्ध होते, हा प्रश्न त्या निबंधात येत नाही. रतनगडाची वाट चढताना पुढे चालणारा वाटाड्या बहुधा त्याच समाजातील तरुण असतो. तो शिडीवर हात देतो, पाण्याची बाटली वाहतो, आणि संध्याकाळी त्याच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणारे महाभाग त्याला दर रविवारी भेटतात.

आता जायचे कधी आणि कसे, याविषयी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. सप्टेंबरात पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा फुललेला असतो, पण वाट निसरडी असते. ऐन पावसाळ्यात ओढ्याला लोंढा येतो आणि शिड्यांवर पाणी कोसळते. त्या दिवसांत मंदिरापर्यंतच जावे. मेअखेरीस, मृगाच्या आधी, रानातील झाडे काजव्यांनी लखलखतात. त्या पंधरवड्यात भंडारदरा परिसरात वाहनांची एवढी झुंबड उडते की गाड्यांच्या दिव्यांपुढे काजवेच दिसेनासे होतात. मादीला नर सापडतो तो त्या प्रकाशाच्या खुणेवरून. दिवे आणि आरडाओरडा यांत त्यांचे मीलनच खुंटते. ज्यांच्या घरात जीवदयेचे संस्कार आहेत त्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नसावी. कड्यावर आग्या मोहोळे असतात. तिथे धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये. माणशी किमान तीन लिटर पाणी सोबत असावे, कारण टाक्यांतील पाणी वर्षभर पिण्याजोगे राहील याची शाश्वती नाही.

भोजनाची चिंता अनेकांना पडते आणि त्यापायी शहरातून डबे, थर्मोकोलच्या ताटल्या आणि पाकिटे भरून नेली जातात. त्यांतले निम्मे गडावर उरते. रतनवाडीत घरगुती जेवण मिळते. तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठले, भात, वरण. कांदा, लसूण, बटाटा नको, आणि जेवण सूर्यास्तापूर्वी हवे, एवढे आदल्या दिवशी कळवले की त्या घरातली माउली तसे करून वाढते. कारण विचारत बसत नाही. या भागातील काळभात नावाच्या तांदळाचा भात शिजला की आसमंत दरवळतो. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावरान वाणे जपली म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली, आणि कोंभाळणेही अकोले तालुक्यातच आहे. निघताना पाच-दहा किलो तांदूळ विकत घेतला तर उत्तम. भाव विचारावा, व्यापाऱ्याने भाव विचारू नये असे कोण म्हणेल? पण सांगितलेला भाव द्यावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेल्यास वाटेवर डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया-माणसे भेटतात. ही मंडळी बाळहिरडा गोळा करीत असतात. कोवळे फळ झाडावरून उतरवायचे, अंगणात वाळवायचे, आणि काळे पडले की बाजारात न्यायचे. औषधांच्या कारखान्यांत त्याला मागणी असते. भाताचे पीक वर्षाला एकच, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर बियाणे, मुलांच्या वह्या आणि घरचे कपडे यांसाठी हाती येणारी रोकड हीच. रतनवाडीच्या अंगणांत त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. गाठोडे राजूरच्या बाजारात येते, काट्यावर चढते आणि समोर बसलेला व्यापारी भाव सांगतो. कधी तो व्यापारी याच सभागृहातील कोणाचा तरी आप्त असतो.